धूर कमी करा, धुकं वाढवा : बेळगावच्या चित्ररथ मंडळांना खुलं पत्र

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या समस्त शिवजयंती मंडळांचे अध्यक्ष, देखावे बसवणारे, संवाद लिहिणारे आणि त्या धुराच्या मशीनपाशी बसणारी पोरं, सगळ्यांना,

सप्रेम जय शिवराय.

मुद्दा आधी सांगतो, भांडायचं नंतर बघू. आपल्या चित्ररथांवर धूर लई झालाय आणि धुकं औषधालासुद्धा नाही. म्हणजे मशीन आहे, ड्राय आईस आहे, भाडं पण दणकून देतोय आपण, पण लढाईत माणसाला समोरचं दिसत नाही, कळत नाही आणि तरी काहीतरी ठरवावंच लागतं, ते जे धुकं असतं ना, ते आपल्या एकाही देखाव्यात नसतं. सगळ्यांना सगळं आधीच माहीत. राजांना माहीत, मावळ्यांना माहीत, खान सोडून सगळ्यांना माहीत, आणि निवेदकाला तर पुढच्या साडेतीनशे वर्षांचं माहीत.

मी काही बाहेरचा माणूस नाही. शहापुरात वाढलो, देखाव्यांचे संवाद बरीच वर्षं लिहितोय, तेव्हा 'ह्याला काय कळतंय' म्हणायच्या आधी जरा वाचा.

आपली शिवजयंती वैशाखातली. बाकीकडं १९ फेब्रुवारीला होऊन जाते, आपल्याकडं मे महिन्याच्या उकाड्यात नरगुंदकर भावे चौकातून मिरवणूक सुटते (ज्या नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या नावाचा तो चौक, त्यांना इंग्रजांनी १८५८ मध्ये ह्याच गावात फाशी दिलं, पण त्यांचा देखावा मी तरी कधी बघितला नाही) आणि मग रात्रभर ट्रॉलीमागं ट्रॉली. बायका पोरांना कडेवर घेऊन पहाटेपर्यंत कट्ट्यावर बसून असतात. एवढा जागा असलेला प्रेक्षक मोठमोठ्या नाटकवाल्यांना मिळत नाही हो, आपल्याला मिळतो, आणि आपण त्याला काय दाखवतो, तर दर चौकात पाच मिनिटं, रेकॉर्ड केलेले संवाद, तलवारी, एक आरोळी, भसाभस धूर, की ट्रॅक्टर पुढं.

त्या धुराचं जरा बघा. ड्राय आईस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा, थर्माकोलच्या पेटीत येतो आणि उघड्या हातानं धरला तर कातडं भाजल्यासारखं होतं. ट्रॉलीवर मागच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात गरम पाणी ठेवलेलं असतं, त्यात एक पोरगा चिमट्यानं तुकडा सोडतो, भक्कन पांढरं उसळतं आणि वर न जाता खाली सांडतं, कारण ते थंड असतं आणि जड असतं, मावळ्यांच्या पायांवरून, प्लायवूडच्या बुरुजावरून, ट्रॉलीच्या कडेनं थेट रस्त्यावर. पुढच्या रांगेतली पोरं त्यात हात घालायला धावतात. मशीनचा धूर वेगळा, ते ग्लायकॉलचं पाणी तापवून फवारतं, गोडसर वास येतो आणि जनरेटरवर लोड आला की ऐन वेळेला फुस्स. (एक सांगून ठेवतो, बंद खोलीत तालीम असेल तर ड्राय आईस अजिबात नको, तो वायू खाली साचतो आणि माणूस गुदमरतो, पोरं खाली बसलेली असतात.)

आता हा धूर आपण सोडतो कधी? खान पडला की. गड घेतला की. म्हणजे सगळं ठरून गेल्यावर, सगळ्यांना सगळं कळल्यावर. नाहीतर मागं कपडे बदलायचे असतील तेव्हा. गोष्टीत धुक्याचं काम नेमकं ह्याच्या उलटं असतं, ते ठरायच्या आधी यायला पाहिजे.

आपल्याकडं ही गोष्ट नवीन नाही. ज्यांनी जगातलं एवढं मोठं युद्ध सांगितलं त्या व्यासांचा जन्मच धुक्यातला आहे. यमुनेवर सत्यवती नाव चालवतेय, पराशर ऋषी नावेत, ती म्हणते दोन्ही काठांवर लोक उभे आहेत, सगळे बघतायत, तर ऋषींनी सरळ धुकं उत्पन्न केलं. त्या धुक्याच्या आडून व्यास आले, आणि पुढं त्याच व्यासांपासून धृतराष्ट्र आणि पंडू झाले, म्हणजे गोष्ट सांगणारा हाच कौरव-पांडव दोघांचा आजा! कोण कुणाचा, कोण बरोबर, हा सगळा घोळ तिथून सुरू. आणि त्या अख्ख्या युद्धात सगळं लख्ख दिसत होतं कुणाला, तर संजयला. त्याला दिव्यदृष्टी होती. पण त्याला काही ठरवायचं नव्हतं, त्याचं काम बघून सांगायचं. आपल्या ट्रॉलीवरचा निवेदक म्हणजे हा संजय, तो भारदस्त आवाजात सगळं सांगून टाकतो आणि मग लढणाऱ्यांना करायला काही उरतच नाही, नुस्तं तोंड हलवायचं.

तेराव्या-चौदाव्या दिवसापर्यंत त्या युद्धात नियम तरी शिल्लक होते थोडे, पंधराव्या दिवशी धर्मराजाला खोटं बोलायची पाळी आली. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि द्रोणांनी विचारलं माझा मुलगा गेला का, तर हा म्हणाला अश्वत्थामा गेला, आणि हत्तीचं हळूच पुटपुटला. नरो वा कुंजरो वा आपण रोज बोलताना वापरतो, ग्रामपंचायतीच्या मीटिंगपासून पाहुण्यांच्या बैठकीपर्यंत, पण त्या जागेवर पुढं काय होतं ते विसरतो. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. एवढंच. जिंकायचं ते जिंकलेच, पण रथ काही परत वर गेला नाही. ह्यात धुकं कुठलं, तर धर्मराजानं तोंडानं केलेलं. हा प्रसंग ट्रॉलीवर करायला काय खर्च आहे सांगा, एक रथ चार बोटं खाली आणायचा, जॅक लावला की झालं.

पण आपला विषय महाराजांचा आहे म्हणाल, तर तिकडं येतो.

पन्हाळा. १६६० चा जुलै, वेढा पडून चार महिने झालेले, वर पाऊस. हा देखावा आपल्याकडं दर वर्षी दोन-तीन मंडळं तरी करतात. आपण काय करतो, दोन पालख्या दाखवतो, शिवा काशीद ऐटीत मरतो, मग बाजीप्रभू खिंडीत, दोन्ही हातांत तलवारी, आणि निवेदक आधीच सांगून मोकळा की राजे सुखरूप विशाळगडावर पोहोचले. अरे मर्दा, हे बाजींना माहीत नव्हतं! तीच तर गोष्ट आहे. शिवा काशीद पकडला गेला, ओळखला गेला, मारला गेला, राजे सुटले का नाही हे न कळताच गेला तो. आणि बाजींना तोफेची वाट बघायची होती, तोफ झाली की समजायचं. पण विशाळगडाला पण वेढा होता, सुर्वे आणि दळवी खाली बसलेले, महाराजांना तो वेढा फोडून वर जावं लागलं, म्हणजे उशीर होणारच. खिंडीत उभ्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला एवढंच कळत होतं की अजून तोफ नाही. का नाही, हे कळायला मार्ग नाही. राजे पडले असतील का, वाट चुकले असतील का, पडले असतील तर मग आता आपण इथं कुणासाठी मरतोय?

मी म्हणतो, हे करा. निवेदक काढून टाका. लाईट कमी. डब्यात ड्राय आईस पहिल्या सेकंदापासून टाका, पार गळ्यापर्यंत धुकं येऊ दे. शत्रू दाखवूच नका, नुस्ता आवाज. आणि वर ढग गडगडू दे. एक मावळा म्हणतो, तोफ झाली! दुसरा म्हणतो, वीज होती ती. परत गडगडतं. झाली का? नाही. पाच मिनिटांतली तीन मिनिटं एवढंच चालू दे. कट्ट्यावरची म्हातारी, जी तीस वर्षं हा देखावा बघतेय, तिला पण क्षणभर वाटलं पाहिजे की ह्या वर्षी तोफ होतेय का नाही. आणि खरी तोफ झाली की तिथंच थांबवा, बाजींना मरताना दाखवायची पण गरज नाही.

तुम्ही म्हणाल लोकांना थरार पाहिजे. हाच थरार आहे की ओ. आणि संस्कार-संस्कार म्हणून आपण जे वर्गणीच्या पावतीवर छापतो ते पण ह्यातच आहे. शेवट माहीत असलेल्या माणसानं जीव दिला तर पोरांना काय शिकवायचं त्यातून? अंधारात, निरोप आलेला नसताना, पळून जायला मागं वाट मोकळी असताना जो थांबला, त्याचं शिकवायचं असतं.

दुसरं एक, लढाई म्हटलं की आपण फक्त मारामारी घेतो. महाराजांचं चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्याच फौजेला लिहिलेलं पत्र आहे, ते वाचा. त्यात शत्रूबद्दल काही नाही. त्यात आहे की गवत-दाणा जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून दाणे, भाजी, लाकडं उचलायला लागाल, आणि लोक म्हणतील ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि पुढं तर कमाल, रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, हे सुद्धा लिहिलंय! राजा उंदराची काळजी करतोय. जिथं नजर पोचत नाही तिथं आपलाच शिपाई काय करेल ह्याची ही काळजी आहे. ह्यावर देखावा का होत नाही? लहान पोरांना उंदीर करा, टाळ्या कमी पडणार नाहीत.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. दुसऱ्या महायुद्धात अलास्काच्या बाजूला किस्का नावाचं बेट जपान्यांनी घेतलं होतं. जुलै १९४३ मध्ये धुक्याचा फायदा घेऊन जपानी पाच हजारांवर माणसं तासाभरात बोटींत घालून निघून गेले. अमेरिकेला पत्ताच नाही. त्यांनी त्या रिकाम्या बेटावर दोन आठवडे बॉम्ब टाकले, वर काही वैमानिकांनी खालून गोळीबार होतोय असं पण सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिका आणि कॅनडाचे मिळून तीस हजारांवर सैनिक उतरवले. धुकं दाट. समोर सावली हलली की गोळी. बेटावर शत्रूचा एक माणूस नव्हता, मागं राहिलेली कुत्री होती, आणि तरी माणसं मेली, त्यातली कितीतरी आपल्याच लोकांच्या गोळीनं.

आपल्या भागात हे वेगळं समजवायची गरज नाही, घरटी एक फौजी आहे आणि मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथं कॅम्पातच आहे. आमच्या गल्लीतले एक रिटायर सुभेदार तालमीला खुर्ची टाकून बसतात. त्यांची जंगी पलटण (पहिली मराठा) १९७१ च्या बांगलादेश युद्धात तिकडच्या जमालपूरला होती. शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, ही गोष्ट पुस्तकात पण येते. मग डिसेंबरातल्या एका रात्री ते लोक अंधारात बाहेर पडायला गेले आणि थेट आपल्या लोकांवर येऊन धडकले. आम्ही सगळे विचारतो, काका, तेव्हा कसं वाटलं, किती मारले, तर ते म्हणतात, 'दिसतंय कुणाला रे. आवाजावर फायर. उजाडल्यावर कळलं समोर कोण होतं.' आणि उजाडल्यावर काय बघितलं ते सांगतात तर एका पडलेल्या शिपायाच्या बुटाला नाडी नव्हती, सुतळी बांधलेली होती. 'स्टोअरवाल्याला शिव्या देत असणार गडी, आमच्यासारखाच.' एवढं बोलून विडी पेटवतात. आमच्या देखाव्यातल्या शत्रूला मी इतक्या वर्षांत हसण्याशिवाय दुसरं काही लिहून दिलेलं नाही, गडगडाटी हसायचं आणि मरायचं. सगळी मंडळं तेच करतात.

महाभारतात पण युद्ध संपल्यावर व्यास दृष्टी देतात ती गांधारीला, जिनं जन्मभर डोळ्यांवर पट्टी बांधली तिला, आणि ती रणांगण बघते. एकेक मुडदा ओळखते, दोन्हीकडचा. आपण मिरवणूक त्याच्या आधीच संपवतो.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणू नका. मे २०२५ मध्ये पाकिस्तानबरोबर चार दिवस धुमश्चक्री झाली तेव्हा आपल्या हातातल्या मोबाईलवर काय चाललं होतं आठवा. टीव्हीवर शहरंच्या शहरं पडत होती, सकाळी सगळी जागेवर. आणि आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका लष्करी अधिकारी बाईंच्या सासरच्या घरावर हल्ला झाला अशी पोस्ट फिरली, पार देशभर गेली. पोलिसांना सांगावं लागलं की असलं काही घडलेलंच नाही, पोस्ट खोटी आहे. गोकाक इथून किती लांब आहे? दोन तासांत जाऊन बघून येता आलं असतं. ग्रुपवर पुढं ढकलणाऱ्यांत आपल्या मंडळांचे कार्यकर्ते नव्हते असं कुणी छातीठोक सांगावं. असल्या वेळी थांबायचं कसं हे पोरांनी शिकायचं कुठं, शाळेत तर शिकवत नाहीत, मग चित्ररथावर का नको?

आता शेवटचं, आणि ह्यावर वाद होणार हे मला माहीत आहे. बेळवडी.

बैलहोंगल तालुक्यात, इथून गाडीनं दीड-दोन तासांवर. महाराज दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना १६७८ च्या सुरुवातीला तिथं एका लहान गढीला वेढा पडला. गढी लढवत होती एक बाई. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत तिचं नाव सावित्रीबाई देसाई येतं, कन्नडमध्ये ती बेळवडी मल्लम्मा. आपल्याकडं सांगतात की तिच्या लोकांनी मराठ्यांच्या रसदेचे बैल पळवले म्हणून वेढा. तिकडं सांगतात की मराठी शिपायांनी आधी गावच्या गाई नेल्या, म्हणून ती उठली. सुरुवात कुणी केली? साडेतीनशे वर्षांनी तुम्ही-मी भांडून ते ठरणार नाही. एवढं मात्र आहे की गढी लवकर पडली नाही, सत्तावीस दिवस लागले असं म्हणतात, आणि राजापूरच्या इंग्रजांनी त्या फेब्रुवारीतच पत्रात लिहिलं की मोगल आणि विजापूरकरांनी केली नाही एवढी नामुष्की ह्या एका देसाईणीनं केली. मग ती हाती लागल्यावर एका सरदारानं, सखोजी गायकवाडानं, तिच्याशी वाईट वर्तन केलं, आणि महाराजांनी त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकलं, असं बखरीत येतं. स्वतःच्या सरदाराचे, जिंकलेल्या सरदाराचे. धारवाडजवळ यादवाडला एक दगडी शिल्प आहे, मांडीवर मूल घेऊन बसलेला राजा आणि समोर उभी बाई, ते ह्याच दोघांचं म्हणून तिकडचे लोक दाखवतात. म्हणजे जिच्याविरुद्ध लढाई झाली तिच्या मुलुखात महाराजांचं शिल्प आहे. असं शिल्प आपल्याला दुसरीकडं कुठं मिळणार?

हा देखावा असा करा. ट्रॉलीचे दोन भाग, अर्ध्यात मराठ्यांची छावणी, अर्ध्यात गढी, मधे धुक्याची भिंत, खाली पंखा उलटा लावला की धुकं मधेच उभं राहतं, आम्ही करून बघितलंय. डावीकडून मराठीत बोलणं, उजवीकडून कन्नडमध्ये. दोघांना एकमेकांच्या नुस्त्या सावल्या दिसतात, दोघं म्हणतात बैल त्यांनी नेले. भाषांतर करू नका, कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांना दोन्ही कळतात आणि उरलेल्यांना शेजारचा सांगेल, आपण असेच तर राहतो इथं. पंखा बंद होऊन धुकं खाली बसतं ते सखोजीच्या निवाड्याला. बैलांचं मात्र शेवटपर्यंत कळू देऊ नका.

ओरडा होईल, एका बाजूनं म्हणतील महाराजांना कमी दाखवलं, दुसऱ्या बाजूनं म्हणतील मराठीवाले आमच्या मल्लम्माला घेऊन गेले. होऊ दे. ज्या राजानं आपल्या माणसाचा गुन्हा भर छावणीत मान्य केला तो कमी कुठं होतो ते मला कुणीतरी समजावून सांगावं, आणि सीमेवरच्या ह्या जिल्ह्यात दोन भाषांत एकाच ट्रॉलीवर एक गोष्ट झाली तर माझ्या मते तरी कुणाचं काही जात नाही.

स्क्रिप्टची मराठी बाजू माझी लिहून होत आलीय. कन्नड बाजूला बैलहोंगलकडचा माणूस पाहिजे, तिकडची बोली येणारा, बेंगळूरची पुस्तकी कन्नड नको. कुणाच्या ओळखीत असेल तर तालमीच्या जागी निरोप ठेवा, मानधन मंडळानं द्यायचं. आणि रेकॉर्डिंग मिरवणुकीच्या आदल्या रात्री दोन वाजता करायची आपली सवय ह्या वर्षी तरी सोडा, दोन भाषा आहेत, वेळ लागणार.

तुमचाच,
शहापूरचा एक संवाद लिहिणारा